अनुसूयेचे सोवळे

समईच्या वाती निम्म्याच वळून झाल्या आहेत. कापूस ताटात पडला आहे आणि वळणारी मोरीत हात धूत बसली आहे.

अनुसूया माझे धाकटे दीर हयवदन यांची मुलगी. चौदा वर्षांची. अक्षर काही डोक्यात शिरले नाही, दुसरीतच शाळा सुटली. पण वाती वळाव्यात तर तिनेच. सासूबाई म्हणत, हिची बुद्धी बोटांत आहे.

आषाढात सासूबाई गेल्या. श्रावणात हंड्यातले पाणी दुपारीच संपू लागले. मला आधी भांडीवालीचा संशय आला, मग शेजारच्या भाडेकरूंचा. पाळत ठेवली. पाणी अनुसूयाच संपवत होती. हात धुवायची, पुसायची, परत धुवायची. पाळण्यातल्या भावाला उचलून घेईना. जेवायला बसली की दोन घासांत उठायची. पोर मडी पाळते, सोवळ्याला जपते म्हणून बायका कौतुक करीत. मीही या रोजनिशीच्या वहीत तसेच लिहिले आहे, दोनदा.

मंगळवारी तिच्या बोटांच्या भेगांतून रक्त आलेले पाहिले आणि त्या कौतुकाचाच संशय आला. देवासाठी धुतलेले हात असे नसतात.

दिरांना सांगितले. ते पानाला चुना लावीत हसले. "वैनी, डोकंच नाही तिथं दुखणार काय? जन्माची खुळी ती."

खुळी असेल. पण भावाला दिवसभर कडेवरून खाली न ठेवणारी हीच होती. खुळेपणाला श्रावणातच असे काय झाले?

काल तिच्याजवळ जाऊन बसले. तिने हात मागे लपवले. मग म्हणाली, "मी शिवले की माणूस मरतं, काकू."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच."

वहीची जुनी पाने काढली. आषाढी एकादशी: अनुसूया पारोशी येऊन सोवळ्यातल्या सासूबाईंना शिवली, त्यांनी गार पाण्याने पुन्हा स्नान केले, रात्री ताप भरला. आठव्या दिवशी गेल्या. बाराव्याला आलेल्या बायकांना मी हेच रंगवून सांगत होते. ही दाराशीच होती. हिला काय कळतेय, म्हणून मी आवाजही खाली केला नाही.

तुझ्या शिवण्याने काही झाले नाही म्हणून तिला परोपरीने समजावले. तिने मान डोलावली आणि उठून मोरीत गेली.

दिरांना बोटांसाठी मलम आणायचे एवढेच सांगितले आहे. ते "सरी, आणा" म्हणाले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मात्र सगळे सांगेन, माझे बोलणेसुद्धा.

उरलेल्या वाती मीच वळते. उद्या नऊच्या बसने अनुसूयेला शिवाजीनगरला दवाखान्यात न्यायचे.