नवऱ्याचे बूट आणि रानातले झेंडे

"माझे बूट काढ आधी!"

"आधी माझे कुठे लपवलेत ते सांगा!"

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. भांडत होत्या माझ्या नणंदबाई आणि त्यांचे यजमान. वन्सांनी दुखऱ्या पायांनी रानात जाऊ नये म्हणून भावोजींनी त्यांचे बूट दडवले होते. मग काय, वन्सांनी भावोजींचेच चढवले. मापाने मोठे, पण सुजलेल्या पावलांना अगदी बेतून शिवल्यासारखे बसले. तेव्हापासून बूट वन्सांचे झाले आणि भावोजी चपलेवर आले.

वन्सांचं इस्त्रीचं दुकान. आठवडाभर टेबलापाशी उभं राहून टाचा ठणकायच्या, त्यात अंगठ्याखाली कुरूप. आणि रविवारी काय, तर शर्यत! माणसं नकाशा नि होकायंत्र घेऊन रानात लावलेले झेंडे शोधत पळतात, प्रत्येक झेंड्यापाशी कार्डाला भोक पाडतात आणि सगळे गाठून जो आधी परत येईल तो जिंकला. एवढी शिकलेली माणसं फडक्यामागे धावतात, मला हसू आवरायचं नाही. झेंडे सकाळी लावायचे, नकाशावर त्यांच्या खुणा करायच्या आणि संध्याकाळी ते काढायचे, हे काम वन्सांचं. जीव होता त्यांचा त्यात. म्हणायच्या, "आठवडाभर लोकांच्या सुरकुत्या घालवते, रविवारी त्यांच्या कपाळाला पाडते."

तिथे 'ससा' म्हणून एक होता, नेहमी पहिला. एकदा बक्षीस घेताना सगळ्यांसमोर बोलून गेला, "नकाशा बघतोय कोण? बसायला जागा दिसली की झेंडा तिथेच!"

खरंच की. सपाट दगड, आडवं खोड, मोडका बाक. वन्सं आधी टेकायच्या आणि बसल्या बसल्या हाताशी येईल तिथे झेंडा बांधायच्या.

शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी तापले. "बाई, पुढच्या वेळी असं झालं तर झेंड्यांची पिशवी परत करायची."

"होणार नाही," वन्सं म्हणाल्या.

घरी भावोजींना आनंदाचं भरतं. "जाऊ दे ती पिशवी, सुटशील! रविवारी पाय वर करून पड."

"पिशवी गेली ना, तर तुमच्या डोक्यावर येऊन बसेन."

पुढच्या रविवारी दुकानातलं गिऱ्हाइकांचं घडीचं स्टूल गायब. वन्सांनी ते पाठीला बांधून नेलं होतं. ओढ्याची घसरडी दरड, काटेरी झुडूप, जिथे कावळासुद्धा टेकणार नाही अशा जागा हुडकल्या. स्टूल मांडायचं, बसायचं, झेंडा बांधायचा, की पुढे.

शर्यतीत पाणी द्यायला मी होते. ससा नकाशा खिशात घालून सुटला. दगड पालथे घातले, खोडाभोवती फिरला, बाकाखाली वाकला. बाकीचे परतून गप्पा झोडायला लागले तेव्हा कुठे आला. कार्ड कोरं करकरीत!

"आज झेंडे होते कुठे?" त्याने धापा टाकत विचारलं.

"नकाशात," वन्सं म्हणाल्या.

सेक्रेटरींनी हसू दाबलं आणि पिशवी वन्सांच्या हातात दिली.

ऊन उतरलं तशा वन्सं नेहमीप्रमाणे झेंडे काढायला निघाल्या. मागे भावोजी, पायात चपला, डोक्यावर स्टूल. त्यांच्या मागे मी, मजा बघायला.

"हळू चाल, माझ्या बुटांचे तळ झिजतील!"

"बोलू नका. मांडा."

भावोजींनी स्टूल मांडलं. वन्सं बसल्या, झेंडा सोडला, मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केला, शर्टासारखी त्याची घडी घालून पिशवीत टाकली. मग भावोजींकडे न बघताच हात पुढे केला, उठवायला.