उपाशी खोकड

रस्त्यावर गाडीखाली मेलेलं खोकड माझ्या बायकोच्या टेबलावर आडवं होतं. मेलेली रानजनावरं तपासणं हे तिचं काम, आणि मी तिचा डबा घेऊन दारात उभा होतो. तिनं त्याचं यकृत तळहातावर तोललं.

"केवढंसं झालंय रे! उपाशी होतं बिचारं. किडनीभोवती चरबीचा मागमूस नाही."

अंग खंगलं की आतले अवयवही आक्रसतात, हे तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं. पण तेव्हा तिचा आवाज असा कातर झाला नव्हता. मला त्या मेल्या खोकडाचा जळजळीत हेवा वाटला. न सांगता आपली भूक कुणी इतक्या मायेनं ओळखावी, यासाठी काय मरावं लागतं?

"डबा ठेव तिथं," ती मान वर न करता म्हणाली.

मी कमरेचा पट्टा सारखा केला. मागच्या महिन्यात त्याला आतल्या बाजूला नवं भोक पाडलंय. तिला ते अजून दिसलेलं नाही.