काविळीची माळ

आक्का, मी घर सोडलं त्या सकाळी थोरल्या जाऊ असून तुम्ही माझं बोचकं डोक्यावर घेऊन आंबेनळी घाटाच्या रस्त्यापर्यंत उतरला होतात. एस्टी आली तेव्हा एवढंच म्हणालात, "नाचणीचं पीठ सरलं की कळव गो." वैशालीचा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. लेकीला रांधून घालायला मी निघाले होते, आणि ताठ मानेने निघाले होते.

दुसऱ्या वर्षी खोलीत कॉम्प्युटर आला. मी त्याला हळदकुंकू वाहिलं. मी चौथी शिकलेली, पुढचं वाचन लेकीच्याच पुस्तकांवर शिकले. त्या डब्यातलं मला काय कळणार? पडदा उजळलेला म्हणजे अभ्यास चालू, काळा झाला म्हणजे चुकारपणा. ती प्रोजेक्टसाठी पहाटेपर्यंत जागायची, आठला प्रॅक्टिकल, वर मोबाइलवर मेसेज सारखे. दुपारी आडवी झाली की मी हलवायचे. "ऊठ. दिवसा आजारी माणूस झोपतं." हे माझ्या आईचं बोलणं. पण आई ते दिवेलागणीला जेवून झोपणाऱ्या पोरांना सांगायची, तेवढं मी सोयीने विसरले. आणि एसटीडी बूथवरून तुम्हाला फुशारकीने सांगायचे, "आमची पोर झोपतच नाय हो आक्का."

तिसऱ्या वर्षी एका दुपारी ती पडद्यासमोर नुसती बसून राहिली. म्हणाली, "आई, अक्षरं दिसतात, पण वाचता येत नाहीत." डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, झोप मोडून मोडून पोर पार थकलीय. परीक्षा राहू द्या, गावी न्या.

मी तुम्हाला कळवलं, कावीळ झालीय. लेक अभ्यासाने थकली म्हणायची लाज वाटली. कावीळ काय, कुणालाही होते.

वाडीवर पोचलो तर तुम्ही दुखऱ्या गुडघ्याने पलीकडच्या वाडीवर जाऊन काविळीची माळ आणून ठेवलेली. डोक्यावर घालायची, कावीळ उतरते तशी माळ लांबत गळ्यात येते. वैशालीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोकं पुढे केलं. बायका रोज बघायला यायच्या.

"उतरली का गो माळ?"

"कसली उतरते. इंजिनिअरचं डोकं हाय, वेळ लागायचाच."

पोर ओटीवर दिवसभर झोपायची. तुम्ही कोंबड्यासुद्धा परसात कोंडल्या होत्या. पाचव्या दिवशी दुपारी मी हंडा घेऊन आले, तर तुम्ही तिच्या उशाशी बसून माळेच्या गाठी नखाने एकेक सैल करत होतात. मला बघून हात थांबलाही नाही.

"कावीळ मी बघितलीय गो. डोळे पिवळे होतात. हिचे लाल हायत."

मग म्हणालात, "बायकांना बोलू नको. झोपू दे तिला."

दोन दिवसांनी माळ गळ्यात आली. बायका म्हणाल्या, उतरली बाई एकदाची. मी तेव्हाच तुमचे पाय धरायला हवे होते. मी चहा ठेवायला उठले. ते आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे.

वैशाली वर्षभर मागे राहिली, पण पास झाली, नोकरीला लागली. माझं रेशनकार्ड आता पुण्याचं. कुणी गाव विचारलं की मी अजून पोलादपूरच सांगते, पण आक्का, ते तोंडापुरतं. गाव खरं तिचं आहे. सुट्टी मिळाली की मला न विचारता तिकडची एस्टी धरते, तुमच्याकडे पोटभर झोपून येते. इथे माझ्या घरात ती अजून दिवसा आडवी होत नाही. झालीच तर माझ्या पावलांचा आवाज आला की उठून बसते.