न नेलेल्या गालिच्यांचे सेतुराव

"डॉक्टरला ऊन दाखवून येतों, अम्मा. जज्जम्माला काल दाखवलों."

सेतुराव माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या एका गल्लीतलं गालिचे धुण्याचं दुकान मी नुकतंच चालवायला घेतलं होतं. धोतरावर शर्ट, कपाळाला गोपीचंदन, असा हा म्हातारा कामावर येण्याआधी आजारी माणसांची सेवा करून येतो, असं वाटून मला त्यांचं फार कौतुक वाटलं. ते कौतुक गच्चीवर जाईपर्यंत टिकलं. कठड्यावर एक भलामोठा लाल गालिचा पसरला होता. हाच डॉक्टर. खाली हॉलमध्ये भिंतीला टेकून जज्जम्मा, म्हणजे जज्जबाई, उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी बँकेचा मॅनेजर, मग कॉलेजची मिस. धुवायला टाकून माणसं न्यायला आलीच नाहीत, असे हे सगळे गालिचे आणि सतरंज्या. सेतुराव त्यांना मालकांच्याच नावानं ओळखत आणि वागवतही तसंच.

ते तंजावरचे मराठी. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता आणि पाहायची घाईही नव्हती. 'सगळे' म्हणायचं तिथं ते 'अस्की' म्हणत, 'म्हणून'ला 'मणून' म्हणत, आणि माझं कोल्हापुरी ऐकून पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही मराठी बोलतां का भांडतां, अम्मा?" आता ते नाहीत. पण खरं सांगते, त्यांच्याशी बोलताना मी बहुतेक वेळा भांडतच असे.

भांडण व्हायचं ते या बेवारशी गालिच्यांवरून. एका उन्हाळ्यात नळ आटले होते, टँकरवाला फोन उचलत नव्हता, गिऱ्हाइकांचा माल कोरडाच पडून होता. आणि सेतुरावांनी मॅनेजरला धुवायला काढलं! माझं डोकंच फिरलं.

"अहो, धुतलेलाच आहे तो!"

"धूळ बसली, अम्मा. अवचित आले मणजे?"

"इतकी वर्षं आले नाहीत, ते आता अवचित येणार?"

"येणारा माणूस अवचितच येतो," ते म्हणाले आणि ब्रश घासत राहिले.

आमच्या पावतीच्या मागे छापलेलं आहे, तीन महिन्यांत माल न नेल्यास दुकान जबाबदार नाही. मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पावती आपली. वस्तु त्यांची. नको मणून त्यांनी तोंडाने सांगू दे, मग टाका." फोन करावा तर निम्मे नंबर बंद. उरलेले लोक म्हणत, पुढच्या आठवड्यात नेतो. आणि एखाद्यानं फोनवर नको म्हटलंच, तर ते सेतुरावांना चालत नसे. "फोनवर माणूस काय पण बोलतो," असं त्यांचं मत. दगडावर डोकं आपटल्यासारखं होई.

मग ती मार्गळी आली. तमिळ लोकांचा हा गारव्याचा, दारातल्या कोलम-रांगोळ्यांचा, गाण्यांचा महिना, आणि आमचा चिंतेचा. समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलच्या गालिच्यांचं काम मिळायची शक्यता होती. त्यासाठी वाळवणाला जागा हवी होती, आणि माझ्या हॉलमध्ये डॉक्टर, जज्जम्मा आणि मंडळी बिऱ्हाड करून होती. काम मिळालं तर दुकान तरणार होतं. नाही तर माणसं कमी करावी लागणार होती, आणि पहिलं नाव कोणाचं हे उघड होतं. नवरा जेवताना रोज म्हणे, "त्या म्हाताऱ्याला घरी बसव." पोंगलचा सण झाला की सांगायचं, असं मीही ठरवलं होतं. तोवर आडून आडून सुचवत होते. गुडघे दुखत असतील ना? मुलगी इथंच तिरुवल्लिकेणीत आहे, तिच्याकडे जरा आराम करा की. ते मान हलवत आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी दुकानात हजर असत.

पोंगलच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी इथं घरोघरी जुनंपानं बाहेर काढतात. मी सांगून टाकलं, भोगीला हॉल रिकामा झाला पाहिजे. सेतुराव म्हणाले, "अस्की रिकामा करतों. पण विचारून." आणि ते खांद्यावर गालिचे टाकून बसनं दारोदार फिरायला लागले. मी म्हटलं, अहो, नुसता पत्ता घेऊन जा, ओझं कशाला? तर म्हणे, नाव सांगून कोणाला आठवत नाही, वस्तु पाहिली की आठवतं.

पहिल्या दिवशी ते जज्जम्मांना घेऊन मैलापूरला गेले. संध्याकाळी परत आले ते जज्जम्मांसकट, आणि वर काखेत आणखी एक सतरंजी!

"हे काय?"

"जज्जम्मा वारल्या, पाप," ते हळहळून म्हणाले. "सून बोलली, हे पण तुम्हीच ठेवा."

"मग नको म्हणाली ना ती?"

"तसं कोठें बोलली? ठेवा मणून बोलली."

मी कपाळावर हात मारून घेतला. परत करायला निघालेला माणूस माल वाढवून आणतो, हे मी आजवर दुसऱ्या कोणत्याही धंद्यात पाहिलेलं नाही.

शेवटी डॉक्टरसाठी मीच गाडी काढली. डॉक्टरांची मुलगी चेन्नईबाहेर समुद्रकाठच्या कोवलमला राहायला गेली होती. हॉटेलची माणसं त्याच दिवशी चार वाजता हॉल बघायला येणार होती. सकाळी जाऊ, जेवणाआधी परत येऊ, हॉलमधला बाकीचा पसारा तोवर दुकानातली पोरं गच्चीवर हलवतील, असा माझा हिशेब होता. दार उघडलं ते पन्नाशीच्या बाईंनी. सेतुरावांच्या खांद्यावरचा लाल गुंडाळा दिसला आणि त्या दाराला धरूनच उभ्या राहिल्या.

आजारपणात डॉक्टरांची खाट या गालिच्यावर होती. ते खाली हात सोडून तासन्‌तास त्यावरून बोटं फिरवत. ते गेल्यावर गालिचा घरात बघवेना आणि टाकवेना. "तुमच्या पावतीमागे लिहिलं होतं," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "म्हणून तर तुमच्याकडे टाकला. वाटलं, तुम्हीच कधीतरी काढून टाकाल. मला कळणारही नाही."

मी सेतुरावांकडे असं काही पाहिलं की बस्स. झालं समाधान? पण ते पायरीवर बसले आणि तमिळमध्ये हळूच म्हणाले, "बरोबर आहे, अम्मा. मग तेवढं तोंडाने सांगा. मी घेऊन जातो."

बाईंना ते सांगता येईना. त्यांनी कॉफी केली. गालिचा व्हरांड्यात पसरला. त्याच्या कडेकडेनं फिरल्या, आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या. मी घड्याळ बघत होते, मनातल्या मनात सेतुरावांचा उद्धार करत होते. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी त्यांनी चपला काढल्या आणि गालिच्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "वेण्डाम." म्हणजे नको. आणि मग लहान मुलीसारख्या रडल्या. मलाही भरून आलं. सेतुरावांनी मात्र लगेच गालिचा गुंडाळला, गाडीत टाकला आणि म्हणाले, "आता कोणाला पण द्या." त्या गालिच्यावर त्यांचा काडीइतकाही जीव नव्हता.

ईस्ट कोस्ट रोडवर गाड्यांची रांग लागली होती. आम्ही तिच्यात अडकलेलो असतानाच हॉटेलचा फोन आला. माणसं लवकर येऊन गेली होती. हॉल अर्धा भरलेलाच होता. त्यांनी दुसरीकडे जायचं ठरवलं होतं.

मी गाडी कडेला घेतली आणि तोंड सोडलं. तुमच्या एका 'नको'पायी माझं काम गेलं, दुकान बसलं, तुम्हाला कशाचं काही आहे का, असं जे जे मनात होतं ते सगळं बाहेर आलं.

"बेस," मी दमल्यावर ते म्हणाले. "तोंडाने बोललां." मग समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "आता दुसरं पण बोलून टाका, अम्मा. माझे गुडघे बरे आहेत. मुलीकडे जा, आराम करा, किती दिवस उगेच सांगालांत. घरी बसा मणून एकदा बोला. उद्यापासून मी येत नाही."

मी तोंड उघडलं. सांगायला याच्याइतकी चांगली वेळ पुन्हा मिळणार नव्हती. कारणही होतं, रागही होता. ते हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले होते.

"उद्या लवकर या," मी खेकसले. "हॉल रिकामा करायचाय."

"विचारून," ते म्हणाले.

"विचारून," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली.