सही नाकारणाऱ्या ढोमणे मॅडम

डॉ. निर्मला ढोमणे मॅडमना मी पहिल्यांदा भेटले ती अमरावतीला, त्यांच्या घरी. माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक व्हा, ही विनंती घेऊन गेले होते. तेव्हा मी अकोल्याच्या एका कॉलेजात तात्पुरत्या जागेवर मानसशास्त्र शिकवत होते. खेड्यातल्या विवाहित स्त्रियांचा मानसिक ताण मोजणारी प्रश्नावली मी मोठ्या तोऱ्यात सोबत नेली होती. पहिलंच विधान होतं, ‘मला भावनिक असुरक्षितता जाणवते.’ मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, ‘तुझ्या आईनं हे वाक्य जन्मात कधी उच्चारलंय?’ मी म्हटलं, नाही. ‘मग तिच्यासारख्या बाईला हे कशाला विचारतेस? जा, जीव घाबरा होतो तेव्हा ती काय म्हणते, ते आधी ऐकून ये.’ अशी ती पहिली भेट. चहा मात्र फक्कड मिळाला.

माणसाच्या मनातलं मोजण्याच्या श्रेणी, म्हणजे विधानांच्या प्रश्नावल्या, तयार करणं, हे मॅडमचं आयुष्यभराचं काम. एकेका विधानावर त्या आठवडा घालवतात. विधान वाचून झालं की समोरच्याला म्हणतात, ‘मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ त्याला सांगता आलं नाही, तर दोष विधानाला, माणसाला कधीच नाही. अलीकडे तर कुटुंबातल्या नात्यांवरची स्वतःचीच एक जुनी, नावाजलेली श्रेणी त्यांनी मागे घेतली. ‘आता घरं बदलली, ही वापरू नका,’ असं सगळ्यांना कळवून मोकळ्या झाल्या. आपल्या नावाची वस्तू आपणच मोडीत काढायला छाती लागते हो!

मॅडम मार्गदर्शक झाल्या. त्यांच्या हाताखाली माझी विधानं घासूनपुसून झाली आणि ती घेऊन मी माझ्या गावी, हिवरखेडला गेले. एकटीनं दारोदार हिंडणं बरं दिसत नाही, म्हणून मोठ्या काकूंना सोबत घेतलं. काकूंच्या शब्दाला गावात मान. घरोघरी त्या ओसरीवर ऐसपैस बसायच्या, मी विधान वाचायचे, घरातली बाई उत्तर द्यायची, मी खूण करायचे. पंधरा दिवसांत काम फत्ते! आकडे असे सुरेख जुळले की मी पेढे घेऊनच अमरावती गाठली. मॅडमच्या सहीनं प्रबंध त्या महिन्यात सादर झाला, तरच कॉलेजातली कायमची जागा मला मिळणार होती.

मॅडम चिडल्या की वऱ्हाडीवर येतात. काकूंना कसं सोबत नेलं, ते माझ्याकडून ऐकत, कागद चाळता चाळता म्हणाल्या, ‘एवढं सुखी गाव? मले बी तिथं एखादं घर पाहून दे.’ मग चष्मा काढून ठेवला. ‘अवं, हे उत्तरं त्या बायाईचे नाहीत, तुह्या काकूचे हायेत. मी सही नाही करत.’

मी रडले, भांडले. ‘माझी नोकरी जाते, मॅडम!’

‘नोकरी जाईन. पण आज खोटं मोजशीन, त उद्या पोरायले बी तेच शिकवशीन.’

एवढं बोलून त्या थांबल्या नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांनी एसटीतून हिवरखेडला आल्या आणि आठ दिवस आमच्या घरी राहिल्या. कापूस वेचणाऱ्या बाया दुपारी भाकरी खायला थांबल्या की शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आम्ही एकेकीला बाजूला घेऊन बसायचो. जुने कागद सोबत होते. शोभा नावाच्या बाईनं ‘मला घरात मन मोकळं करता येतं’ या विधानाला ओसरीवर ‘नेहमी’ असं उत्तर दिलं होतं. मॅडमनी तेच विधान पुन्हा वाचलं. ती बराच वेळ ओटीतल्या कापसातला कचरा निवडत बसली. मग हळूच म्हणाली, ‘बाई, पयले लिवलं ते खोडता येते काय?’

‘येते ना, माय,’ मॅडम म्हणाल्या आणि तिच्यादेखत जुना कागद फाडून कोरा पुढे घेतला.

माझी नोकरी गेली ती गेलीच. प्रबंध पूर्ण व्हायला आणखी दीड वर्ष लागलं. त्या काळात मॅडम दर महिन्याला अकोल्याला, जुन्या शहरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर येत. डब्यात भरली वांगी असत. जेवण झालं की कागद पसरत. ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असं त्यांनी एकदाही ऐकवलं नाही. माझ्या त्या विधानांची श्रेणी आज गावोगावच्या दवाखान्यांत समुपदेशक वापरतात आणि बाईला एकटीला बसवूनच विचारतात.

मॅडम, त्या दीड वर्षात तोंडावर मी ‘हो मॅडम’ म्हणायचे आणि तुमची पाठ वळली की तुमच्या नावानं बोटं मोडायचे. आज तुमच्या पंचाहत्तरीला ते कबूल करते. गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. ठणठणीत राहा, शंभरी गाठा, आम्हाला असंच घालूनपाडून बोलत राहा. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. तुम्ही त्या दिवशी सही केली असती, तर मला नोकरी मिळाली असती आणि शोभा कागदावर जन्मभर सुखीच राहिली असती.