वर केलेला हात

मानेवर पहिली गोळी बसली तेव्हा माझा हात वर होता.

हे आधीच सांगून टाकते. कारण नंतर सगळे म्हणले, पोरीनं थांबा म्हणायचं ना. म्हणलं होतं. हात वर करून म्हणलं होतं. आमच्या इथं थांबा म्हणायची तीच रीत आहे.

चिकलठाण्यात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये पेंटबॉलचा खेळ चालतो. आत ड्रम, टायरी, लाकडाचे आडोसे. दोन टोळ्या करायच्या अन् गनमधून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या. अंगावर गोळी फुटली की तो आउट. मी तिथं मार्शल आहे. मार्शल म्हणजे आत उभं राहून आउट देणारी. फुलंब्रीहून रोज एसटीनं येते. प्रत्येक पार्टीपुढं उभी राहून नियम सांगते. मास्क काढायचा नाही, डोळा जाईल. जवळून मारायचं नाही. गोळी लागली की आपणहून हात वर करून बाहेर यायचं. हात वर केलेल्या माणसावर कुणी गोळी मारायची नाही. लांब शिट्टी झाली की सगळ्यांच्या गन खाली. झोपेत विचारलं तरी सांगेन.

पण या नियमांच्या बाहेरचा एक खेळ होता. त्याचं नाव ससा.

गनवरच्या डब्यात एकदा ओतलेल्या गोळ्या आम्ही परत घेत नाही. ओल लागली की त्या फुगतात, मग गन अडकते. खेळ संपल्यावर उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं? मालकानं डोकं लढवलं. स्टाफमधल्या एकानं पांढरा डगला घालायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचं. पार्टीनं पिवळ्या रेषेमागं उभं राहून त्याच्यावर गोळ्या संपवायच्या. पार्टी खूश. वर मालकाची ताकीद, सशानं हात वर करायचा नाही. मजा जाते म्हणे.

आम्ही पळायचो. हसत पळायचो. हसायचं, हेपण मालकानंच सांगितलेलं.

त्या दिवशी वाढदिवसाची पार्टी होती. पोरगा माझ्याच वयाचा. बाप लई मोठा माणूस. त्याच्या गाडीचं दार उघडायला आमचा मालक पळत बाहेर गेला होता. खेळात त्या पोराच्या खांद्यावर गोळी फुटली. मी समोरच उभी. त्यानं आडोशामागं जाऊन बाहीनं रंग पुसला अन् परत मारायला लागला.

मी शाळेत कबड्डी खेळलेली आहे. तिथं अंगाला बोट लागलं की पोरगी आपल्या पायानं बाहेर जाते. नाय गेली तर दुसऱ्या दिवशी तिला कुणी खेळायला घेत नाही. एवढंच मला ठाऊक. मी शिट्टी वाजवली.

"दादा, तुम्ही आउट."

"कुणी बघितलं?"

"मी बघितलं."

त्यानं मास्क कपाळावर सरकवला. मी ओरडले, मास्क खाली घ्या. त्यानं नाही घेतला. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"गाव कोणतं गं तुझं?"

"फुलंब्री."

"मग म्हशी राखायच्या सोडून मला आउट देते व्हय?"

सगळे हसले. जाळीमागं मालक उभा होता, तोपण हसला. म्हणाला, "जाऊ दे ना. पोराचा वाढदिवस आहे." पोरगा आतच राहिला. मी बाजूला झाले.

खेळ संपला. तो म्हणाला, "ससा हीच पाहिजे."

मी डगला चढवला. पळाले. गोळ्या पाठीवर, मांड्यांवर बसत होत्या, त्याची सवय होती. मधोमध आले तर तो पोरगा पिवळी रेषा ओलांडून माझ्यासमोर उभा. चार पावलांवर. माझा हात आपोआप वर गेला. मी ठरवून नाही केला. रोज तेच सांगून सांगून हातालाच सवय लागली होती.

"अरे, ससा शरण आला!"

अन् त्यानं गोळी मारली. मास्कच्या खाली, जिथं नुसती कातडी असते. मग दुसरी. तिसरी गळ्याजवळ. बाकीच्यांनीही उरलेल्या संपवल्या. मी पळाले नाही, रडले नाही, ओरडलेसुद्धा नाही. हात तसाच वर होता. खाली घ्यायचा असतो हे सुचलंच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं. फक्त माझं तोंड कुणी दाबलेलं नव्हतं.

मालक आला. "हात कामून वर केला? सांगितलं होतं ना?" मग कागदाच्या ताटलीत केक दिला. "घे, वाढदिवसाचा आहे."

मी खाल्ला. उभ्यानं खाल्ला. चव लागली नाही. आज त्या केकची मला गोळीपेक्षा जास्त लाज वाटते.

घरी आईनं ओढणी बाजूला केली. "हे काय गं?" म्हणलं, रंग आहे. तिनं पदर ओला केला अन् घासायला लागली. घासून घासून थांबली. म्हणाली, "रंग असता तर निघाला असता." अन् चहा टाकायला गेली.

नंतर कितीतरी दिवस मला काहीच वाटत नव्हतं. राग नाही, दुःख नाही. एसटीत बसायचे, उतरायचे, नियम सांगायचे. 'हात वर केलेल्या माणसावर कुणी गोळी मारायची नाही.' तोंड बोलायचं, मी ऐकायचे. दुसरंच कुणीतरी बोलतंय असं वाटायचं.

ससा व्हायची माझी पाळी शकीलभाईंनी घेतली. शकीलभाई आमच्याकडं गन दुरुस्त करतात. पन्नाशी उलटलेली. याच शेडमध्ये कारखाना होता तेव्हा ते इथं फिटर होते. मला म्हणाले, "बेटा, तू मत भाग. मैं भागता." मी म्हणलं, तुम्ही तरी कामून? म्हणाले, "क्या करते, नौकरी है." अन् डगला घालून पळायला लागले.

काल एका कंपनीची पार्टी होती. साहेब लोक, बायका, लेकरं. शेवटी ससा. शकीलभाई पळत होते. मास्कचा पट्टा घामानं कुजलेला, तो तुटला. मास्क खाली पडला. त्यांनी एक हात डोळ्यांवर धरला, दुसरा वर केला.

गोळ्या थांबल्या नाहीत. कुणीतरी ओरडलं, "ओ चाचा, पळा की!" मालक जाळीमागून म्हणाला, "चालू द्या, चालू द्या."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. खोटं आहे. माझं जळलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं. त्यांचा तो वर केलेला हात बघितला अन् कळलं. इतक्या दिवसांचा राग एकदम छातीत आला. मी लांब शिट्टी वाजवली. श्वास संपेपर्यंत वाजवली.

सगळ्यांच्या गन खाली.

सगळ्यांच्या. साहेबांच्यापण. म्हणजे त्यांना थांबता येत होतं. त्या वाढदिवसाच्या पोरालापण थांबता आलं असतं. नियम कळत नव्हता असं कुणाचंच नव्हतं. हाताखालच्या माणसाला तो लागू नाही, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. अन् मालकाला ते आधीपासून माहीत होतं.

शकीलभाईंच्या भुवईवर गोळी फुटली होती, डोळ्यात रंग गेलेला. नळाखाली डोळा धुतला. मी विचारलं, "दिखता क्या?" म्हणाले, "हौ, दिखता."

मालक धावत आला. "पार्टीला सॉरी म्हण."

"नाही म्हणणार."

"इथं मालक तू का मी?"

"तुम्हीच. पण ससा संपला. मी होणार नाही, दुसऱ्या कुणाला होऊ देणार नाही." पांढरा डगला मी त्याच्या हातात दिला. "तुम्हाला लई मजा वाटती ना? तुम्ही पळा. मी नियम सांगते."

साहेब लोक बघत होते. मालकानं डगला खाली टाकला. पळाला नाही. फक्त म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

बाहेर शकीलभाई म्हणाले, "बेटा, नौकरी गई तेरी."

"तुमची?"

"मेरी तो इसी शेड में पहले भी गई थी."

आम्ही दोघं हसलो नाही. रिक्षा केली, दवाखान्यात गेलो, डोळा दाखवला.

आज मी परत एसटीत बसले आहे. येऊ नको म्हणला तरी चालले आहे. मानेवरचा डाग अजून हिरवट आहे, आज ओढणी घेतली नाही. आत घेतलं तर आत, नाही घेतलं तर दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक पार्टीला नियम सांगणार. सगळे तेच. शेवटी एक जास्तीचा: पांढरा डगला घातलेला माणूससुद्धा माणूस धरायचा. तो हात वर करील तेव्हा थांबायचं. नाही थांबलात तर मी थांबवीन. मालकानं नोकरी काढून घेतली, शिट्टी काढून घ्यायची राहिली. ती माझ्या गळ्यात आहे.