एका सीटच्या गाडीत आमची आत्या

मोटारींच्या शर्यतीत पहिला येऊन बाद झालेला आमच्या घराण्यातला एकमेव माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ मिलिंद, आणि त्याला कारण एवढंच की आमची सखूआत्या त्या दिवशी कशेळ्याहून वेळेवर निघाली.

(आत्या आयुष्यात त्या एकाच दिवशी वेळेवर निघाली. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही. याचाही मला राग आहे.)

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. खालापूरच्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एका कारखान्याच्या साहेबांना मोटारींचा भारी षोक. त्यांनी कर्जत-खालापुरातल्या पोरांसाठी शर्यत जाहीर केली. नाव काय, तर 'ज्युनिअर सिंगल सीटर स्प्रिंट'! म्हणजे अठराच्या आतल्या मुलांनी, एका माणसाच्या, स्वतः बनवलेल्या गाडीतून, कारखान्याच्या वसाहतीभोवतीच्या रस्त्याने तीन फेऱ्या मारायच्या. पहिल्या येणाऱ्याला कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून जागा.

ही जागा मिलिंदसाठीच केलेली आहे याबद्दल आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. मिलिंद दहावीला बसला होता, पण दहावी त्याच्यावर बसली होती. इंजिन मात्र तो डोळे मिटून खोलायचा. कर्जतला कासमभाईंच्या गॅरेजात तो दिवसभर काळा होऊन यायचा आणि आई त्याला मागच्या दारानेच घरात घ्यायची. ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर वडिलांनी त्याला मामाकडे वीटभट्टीवर पाठवायचं पक्कं केलं होतं.

मी घरातला पहिला पदवीधर. वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकलो आणि तालुक्याच्या कचेरीत कारकून झालो. त्याआधी सातवीपर्यंत सखूआत्याच्या घरी राहून शिकलो, तिच्या हातच्या भाकऱ्यांवर वाढलो. हे उपकार मी विसरलेलो नाही. (तीही मला विसरू देत नाही.)

गाडी तयार झाली. सांगाडा आमच्या लोखंडी खाटेचा. त्यामुळे दोन महिने वडील जमिनीवर झोपले. इंजिन कासमभाईंकडच्या मोडीतल्या स्कूटरचं. आसन म्हणून न्हाव्याच्या दुकानातली पाय मोडलेली खुर्ची. रंग निळा. शर्यतीच्या सकाळी बाकीच्या पोरांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडले. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात ते सगळं बंद. आई जरा कासावीस झाली.

"आपल्याकडं कायच नाय का रं?" ती म्हणाली.

"आपल्याकडे नियम आहेत!" मी म्हणालो आणि खिशातून छापील नियमांचा कागद काढून दाखवला.

तो इंग्रजीत होता. मी तो इतक्या वेळा वाचला होता की झोपेत बडबडायचो. मिलिंदकडून मी एकेक नियम पाठ करून घेतला. आसन एकच हवं. गाडी आणि चालक मिळून ठरलेल्या वजनाच्या खाली भरता कामा नये. बाहेरची मदत घेता येणार नाही.

आमची गाडी काट्यावर चढली आणि कमी भरली! काटा भातगिरणीतून आणलेला, खोटं बोलणं शक्य नाही. कारखान्याचे साहेबच पंच होते. ते म्हणाले, "वजन वाढवा." मग खुर्चीच्या मागच्या पट्ट्यांवर रेतीचं पोतं ठेवून दोरीने करकचून बांधलं. नियमाप्रमाणे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. रस्त्याने जाताना वडीलधाऱ्या माणसाने हात दाखवला की गाडी थांबते. बैलगाडी असो, टेंपो असो, सरपंचाची जीप असो. सखूआत्याच्या बाबतीत तर बोलूच नका. तिचा दीर एकदा टेंपोतून तिच्यासमोरून न थांबता निघून गेला. त्याच्या मुलीच्या लग्नात आत्या मांडवात सबंध वेळ त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. जेवलीसुद्धा पाठ करूनच.

तर शर्यत सुरू झाली. सात गाड्या, आणि आवाज असा की वसाहतीतली कुत्री रानात पळाली. पहिल्या फेरीत मिलिंद पहिला. दुसऱ्या फेरीतही पहिला, आणि दुसऱ्या नंबरावरच्या, कारखान्याच्या कंत्राटदाराच्या पोराचं तर दर्शनही नाही! रस्ता पलीकडच्या बाजूला सागाच्या झाडांमागे जायचा, तिथलं आम्हाला काही दिसत नसे. तिसऱ्या फेरीत मिलिंद त्या झाडांमागे गेला. मी घड्याळाकडे पाहिलं. कासमभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"हो गया, मास्टर! पोरगा साहेब झाला तुमचा!"

मिलिंद झाडांमागून बाहेर येईना.

कंत्राटदाराचा पोरगा झाडांमागे गेला. तोही येईना. मग आवाज आला, आणि उतारावर एकदम दोन्ही गाड्या दिसल्या. पुढे निळी. पण निळ्या गाडीवर काहीतरी हिरवं फडफडत होतं.

"ते काय आहे?" मी विचारलं.

कासमभाईंनी डोळ्यांवर हात धरला. "लुगडं हाय," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "लुगड्यात बाई हाय."

सखूआत्या होती! मांडीवर टोपली, हातात काळी छत्री, आणि रेतीच्या पोत्याच्या जागी स्वतः! कंत्राटदाराचा पोरगा डावीकडून पुढे घुसायला लागला की ती डावीकडे छत्री काढायची, उजवीकडून यायला लागला की उजवीकडे.

"ए पोरा! म्हाताऱ्या मानसाच्या अंगावर घालतो व्हय रं? शिकवलं नाय का कुनी?"

काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा खाली आला. मिलिंद पहिला! आत्याने उतरण्याआधी झेंडेवाल्याला झापलं, "लुंगी काय हालवतोस तोंडावर? लागली असती की डोळ्याला!"

घडलं होतं ते असं. आत्या भाच्याचा पराक्रम बघायला भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन निघाली, आणि एस.टी.तून वसाहतीच्या मागच्या बाजूला उतरली. रस्ता मोकळा, ऊन कडक. तिने येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला सुरुवात केली. एकही थांबेना. तिच्या हिशेबाने सगळा तालुका बिघडलेला होता. पहिल्या दोन फेऱ्यांत मिलिंदने मान खाली घालून तिला न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा ती रस्त्याच्या मधोमधच उभी राहिली, आणि मागून आलेल्या कंत्राटदाराच्या पोरालाही वाट मिळेना!

"मग काय करणार होतो मी, भाऊ?" मिलिंद मला रडकुंडीला येऊन सांगत होता. "म्हटलं, आत्ये, सीट एकच हाय. तर म्हणते, पोत्याला जागा हाय आन् आत्याला नाय? मग पोतं काढलं आणि तिला बसवलं. पडू नये म्हणून त्याच दोरीनं बांधलं."

तोवर पंचसाहेब आले. गोरे, घामाने लाल झालेले. म्हणाले, "तुमची गाडी बाद! एका माणसाच्या शर्यतीत दोन माणसं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन महिने मी तो कागद वाचला होता तो काय बाद व्हायला?

"साहेब," मी म्हणालो, "नियमात 'एक आसन' असं लिहिलंय. 'एक माणूस' असं कुठेही नाही. आसन एकच आहे. मोजून घ्या!"

"पण या बाई..."

"त्या आसनावर बसलेल्याच नव्हत्या. त्या पोत्याच्या जागी होत्या."

साहेबांनी स्वतःचाच कागद नाकाला लावून वाचला. लोक गोळा झाले. कंत्राटदार छाती पुढे काढून आला. "मग पोतं कुठंय? पोतं टाकलं म्हणजे वजन कमी झालं!"

"वजन कसं कमी झालं?" मी ओरडलो. "ही आत्या म्हणजेच वजन!"

आत्याचा चेहरा पाहिला आणि मला सातवीपर्यंतच्या सगळ्या भाकऱ्या आठवल्या.

"मी वजन?" ती म्हणाली. "तुला खांद्यावर घेऊन नदी पार केली तवा तू काय होतास रं? कापूस?"

"आत्या, नियमाच्या भाषेत..."

"तुज्या नियमाला आग लागो!"

पण साहेब विचारात पडले होते. माणूस न्यायी. म्हणाले, "ठीक. यांच्यासकट गाडी काट्यावर चढवा. वजन भरलं तर बघू."

"मी नाय चढायची," आत्या म्हणाली. "मी काय भात हाय? चार गावची मानसं बगत्यात. उद्या कशेळ्याच्या बाजारात बाया इचारतील, सखू किती भरली गं?"

मी हात जोडले. मिलिंदने पाय धरले. आईने बाजूला नेऊन काय सांगितलं ठाऊक नाही, बहुधा वीटभट्टीचं सांगितलं असावं. आत्या पदर खोचून, टोपली आणि छत्रीसकट गाडीवर बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आकडा मोठ्यानं वाचलात तर याद राखा."

काटा खाली गेला तो थांबेचना. वजन भरलं! नुसतं भरलं नाही, कंत्राटदाराच्या पोराला पुरलं असतं इतकं वर उरलं!

साहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण जादा वजन गाडीला घट्ट बांधलेलं हवं."

"बांधलेलं होतं!" मिलिंद म्हणाला आणि दोरी दाखवली. आत्याच्या दंडावर वळ उमटले होते, तेही दाखवले.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. "आपण वकील का?"

"नाही," मी म्हणालो. "बी.ए."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझी छाती इतकी फुगली होती की सदऱ्याचं वरचं बटण तुटलं. ध्वनिक्षेपकावरून मिलिंदचं नाव पहिलं म्हणून पुकारलं गेलं. वडिलांनी फेटा सारखा केला. कासमभाई लोकांच्या हातावर पेढे ठेवू लागले. आणि तेवढ्यात साहेबांच्या बाईसाहेबांना कौतुक सुचलं. त्या म्हणाल्या, "त्या मावशींनाही दोन शब्द बोलू द्या ना!"

मी नियम सगळे वाचले होते, पण आत्याच्या हातात ध्वनिक्षेपक देऊ नये असा नियम कागदात नव्हता.

आत्या मंचावर चढली. ध्वनिक्षेपकावर आधी फुंकर मारली.

"पोरगं गुनाचं हाय," ती म्हणाली. टाळ्या. "आत्याला रस्त्यात सोडून गेलं नाय." आणखी टाळ्या. "पन पैला आला म्हून लय नाचू नका. थांबला तवा गाडी बंद पडली व्हती. चढावर हलंना. मीच मागनं ढकलली, मंग चालू झाली. मंगच वर बसले आन् बांधून घेतलं. न्हायतर ह्यो कुटला पैला येतोय!"

टाळ्या थांबल्या. साहेबांनी हळूच कागद उघडला. त्यांना तो नियम शोधावासुद्धा लागला नाही, कारण बाहेरच्या मदतीचा नियम मीच त्यांना सकाळी स्वतःहून म्हणून दाखवला होता.

"बाहेरची मदत," ते म्हणाले.

"साहेब, बाहेरची कशी? त्या गाडीचाच भाग होत्या. वजन..."

"वजन," साहेब शांतपणे म्हणाले, "खाली उतरून गाडी ढकलतं का?"

बी.ए.ला हा प्रश्न नव्हता.

जागा कंत्राटदाराच्या पोराला मिळाली. ज्या पोराला पाना कुठल्या बाजूने धरतात ते ठाऊक नाही, ज्याची गाडी त्याच्या बापाने मुंबईहून बनवून आणली होती हे साऱ्या खालापूरला माहीत होतं, तो वर्कशॉपमध्ये! आणि आमचा मिलिंद, एका बाईला उन्हात उभी ठेवली नाही म्हणून, बाद! हा कुठला न्याय? मी आजही विचारतो. आत्याला मात्र आपलं काही चुकलं असं तेव्हाही वाटलं नाही. ती सगळ्यांना भाकऱ्या वाटत होती. साहेबांनीही एक खाल्ली.

मिलिंद मात्र खचला नाही. "भाऊ, मी सोळाचा हाय," तो म्हणाला. "अजून एक साल हातात हाय. पुढच्या वर्षी बघ." वडिलांनीही वीटभट्टी वर्षभर पुढे ढकलली. घरात पुन्हा आशा आली.

आठवड्याने साहेबांचा शिपाई मला बोलवायला आला. साहेब म्हणाले, "आमच्या नियमांत किती भोकं आहेत ते तुम्ही दाखवलंत. पुढच्या वर्षीसाठी समितीत या. नियम तुम्हीच लिहा."

माझे डोळे भरून आले. आमच्या घराण्यात आजवर दुसऱ्यांनी लिहिलेले नियम पाळले होते, नियम लिहायला कुणी बोलावलं नव्हतं. मी उपकृत मनाने हो म्हणालो. महिनाभर कचेरीतून आल्यावर तेच काम. प्रवासी घेऊ नयेत. वजन म्हणून सजीव वस्तू वापरू नये. स्पर्धकाच्या नातेवाइकांनी रस्त्यावर उभे राहू नये. एकही भोक ठेवलं नाही! साहेबांनी वाचलं आणि लगेच छापायला टाकलं.

छापील कागद घेऊन मी घरी आलो. सगळ्यांना ओटीवर बसवलं. आत्याही आली होती. मिलिंद हातातलं कार्ब्युरेटर पुसत ऐकत होता. मी एकेक नियम मोठ्याने वाचून मराठीत समजावून सांगत शेवटच्या नियमापर्यंत आलो. तो मला विशेष आवडला होता. निःपक्षपातीपणाचा कळसच.

"समितीच्या कोणत्याही सदस्याच्या नातेवाइकास," मी अभिमानाने वाचलं, "स्पर्धेत भाग घेता येणार नाही."

कार्ब्युरेटर पुसणं थांबलं. आईने वडिलांकडे पाहिलं. वडील उठले आणि मामाला निरोप धाडायला बाहेर पडले.

ओटीवर फक्त आत्या बसून राहिली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं कपाळाशी मोडली आणि म्हणाली, "बाबा, मी तर एकदाच गाडी अडवली रं. तू पार छापून अडवलीस!"